चष्मा उतरवण्याआधी भरतीचे नियम वाचा

पोस्ट मोठी आहे, पण घरात रेल्वेची किंवा सैन्याची तयारी करणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दिवाळी जवळ आली की आमच्या तालुक्याच्या गावातही ते फ्लेक्स लागतात. दहा मिनिटांत चष्म्यापासून सुटका, विद्यार्थ्यांना खास सवलत, हप्त्यांची सोय. मी इथे अभ्यासिका चालवतो. दरवर्षी माझ्याकडची दोन-चार पोरं-पोरी लेझर करून येतात. कुणी लग्न जमत नाही म्हणून, आणि बरीचशी भरतीसाठी. लग्नाचं ज्याचं त्याने बघावं. भरतीचं मात्र बोलायलाच हवं, कारण तिथे पोरांची सरळसरळ फसगत होते आहे.

आधी स्पष्ट करतो, मी लेझरच्या विरोधात नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या मूळच्या मद्रासच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक्सायमर लेझर टर्कीच्या मांसावर मारून पाहिला. आजूबाजूला न जाळता तो नेमका हवा तेवढाच थर काढतो हे दिसलं आणि त्यातून पुढे ही शस्त्रक्रिया उभी राहिली. योग्य डोळा निवडला तर परिणाम उत्तम येतो. प्रश्न आहे तो योग्य डोळा कोणता आणि तो कशासाठी हवा आहे, याचा.

आता रेल्वेचं बघा. असिस्टंट लोको पायलटसाठी ए-वन हा वैद्यकीय वर्ग लागतो. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६. हे वाचून पोरगा म्हणतो, चष्मा चालत नाही ना, मग काढूनच टाकू! पण त्याच जाहिरातीत पुढे लिहिलेलं असतं की लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदासाठी अपात्र आहे. म्हणजे चष्मा असला तरी बाद, आणि घालवला तरी बाद. फरक एवढाच की दुसऱ्या रस्त्याने बाद होताना घरचे पन्नास-साठ हजार जातात.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका आयटीआय झालेल्या मुलाचं असंच झालं. बापाने दुभती म्हैस विकली. ऑपरेशन चांगलं झालं, नजर ६/६ आली. लेखी निघाली, संगणकावरची मानसिक क्षमतेची चाचणी निघाली, आणि मेडिकलला अनफिट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण डॉक्टरने ऑपरेशनमध्ये काहीच चुकवलेलं नव्हतं. फक्त 'तुला हे कशासाठी करायचंय?' एवढा एक प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

'सांगायचंच नाही, कुणाला कळतंय' असा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका. लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, एक पातळ चकती उचलतात, खालचा भाग लेझरने कमी करतात आणि चकती परत बसवतात. तिची कड तपासणीच्या यंत्राखाली पुढे कित्येक वर्षं दिसू शकते. चकती न उचलणाऱ्या पद्धतीतही कॉर्नियाच्या नकाशावर मधला सपाट झालेला भाग दिसतो.

रेल्वेचा नियम जाचक आहे का? यावर वाद होऊ शकतो. लेझरनंतर काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, प्रकाश फाकतो. अंधारात सिग्नल बघून गाडी हाकणाऱ्याच्या बाबतीत जास्त काळजी घेतली तर मला ते समजतं. पण नियम ठेवायचा आणि तो जाहिरातीच्या पानांच्या चळतीत, इंग्रजी-हिंदीत दडवायचा, हे समजत नाही.

सैन्याचं गणित वेगळं आहे. सीडीएससारख्या अधिकारी भरतीत लॅसिक झालेल्यांना सरसकट बंदी नाही, पण अटी आहेत. ऑपरेशन वयाच्या २० वर्षांनंतर झालेलं हवं, त्याला किमान १२ महिने झालेले हवेत, उरलेला नंबर १ पेक्षा जास्त नको, कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको आणि डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

हे आकडे कागदावर मांडून बघा. सर्वसाधारण कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. एका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन जातात. उणे ६ चा नंबर काढला की ७२ ते ९० मायक्रॉन गेले, उरले ४५० च्या आसपास. म्हणजे चांगली जाडी असलेला मुलगाही काठावर आला. मुळातच कॉर्निया ५०० असेल तर तो मेडिकलच्या आधीच बाद झाला. आणि डोळ्याची लांबी तर लेझरने बदलतच नाही. मोठ्या उणे नंबराचा डोळा बहुधा लांबट असतो, तो ऑपरेशननंतरही तेवढाच लांब राहतो. त्याच्या पडद्याला असलेला धोकाही तसाच राहतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट केराटोकोनसची. यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. हा आजार साधारण वयात येतानाच सुरू होतो, डोळे सतत चोळणाऱ्यांत जास्त आढळतो, आणि सुरुवातीला फक्त नंबर बदलतोय असंच वाटतं. अशा डोळ्यावर लेझर मारला तर नजर कायमची बिघडू शकते. कॉर्नियाचा नकाशा काढूनच हे लक्षात येतं. म्हणून जो डॉक्टर तपासणी करून 'तुला हे करू नको' म्हणतो, त्याचे आभार माना. सवलत संपायच्या आत पैसे भरा म्हणणाऱ्यापेक्षा तो तुमचा जास्त हितचिंतक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. भरती मंडळांनी डोळ्यांची अट जाहिरातीच्या पहिल्या पानावर आणि मराठीतही छापावी. लेझर करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने फॉर्मवर 'कोणत्या भरतीची तयारी करता?' हा रकाना ठेवावा आणि तपासणीचे सगळे रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यावेत, ऑपरेशन करा अगर न करा. अकादमीवाल्यांनी फी घेण्याआधी पोरांचे डोळे तपासून घ्यावेत. दोन वर्षं मैदान मारून झाल्यावर डोळ्यांचं कळलं तर त्याचा उपयोग काय?

आणि पोरांनो, रेल्वेत फक्त लोको पायलटच नसतो. ए-थ्री, बी-वन वर्गातल्या पदांना ठराविक नंबरापर्यंत चष्मा चालतो. सी-वनच्या पदांनाही चष्मा लावून नजर मोजतात. आपल्या डोळ्याला कुठली नोकरी बसते ते आधी शोधा. नोकरीसाठी डोळा कापायचा विचार त्यानंतर. लेझर करायचंच असेल तर नंबर वर्षभर स्थिर असू द्या, कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या, आणि हव्या त्या पदाची जाहिरात डॉक्टरच्या टेबलावर ठेवून विचारा, 'यात मी बसेन का?' उत्तर लेखी मागा.

कापलेला कॉर्निया परत जोडून मिळत नाही. चष्मा मात्र हवा तेव्हा काढून ठेवता येतो.

तयारी करणाऱ्या पोरांपर्यंत पोचवा. नाव टाकायची गरज नाही, कॉपी केलं तरी चालेल.