सौरऊर्जेचा धडा आणि श्रमिकांची मुले

देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल आणि वायू यांव्यतिरिक्तच्या साधनांची झाली आहे, असे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. सूर्य, वारा, पाणी आणि अणुशक्ती या सर्वांची ती बेरीज आहे. ही क्षमता २०३० पर्यंत ५०० गिगावॉटवर नेण्याची घोषणा २०२१ सालीच ग्लासगो येथील परिषदेत झालेली आहे. या बदलाच्या खुणा धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या माळांवर आणि साताऱ्याच्या पठारांवर उघड्या डोळ्यांना दिसतात. मात्र ज्या गावांच्या शिवारात ही यंत्रे उभी राहतात, त्या गावांतील शाळांना या बदलात कोणते स्थान आहे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना पडलेला दिसत नाही.

शाळेत हा विषय मुळीच शिकविला जात नाही, असे म्हणता येणार नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. औष्णिक केंद्रापासून सौरघटापर्यंतची माहिती त्यात सुबोधपणे दिलेली आहे. दोष पुस्तकाचा नाही. तो धडा ज्या रीतीने पार पाडला जातो, त्या रीतीचा आहे. आकृती पाठ होते, फायद्यातोट्यांचे चार मुद्दे लिहिले जातात, पर्यावरणदिनी घोषणांचे फलक रंगविले जातात आणि प्रकरण मिटते. शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसले, तरी त्याची किल्ली कचेरीच्या कपाटात आणि दुरुस्ती ठेकेदाराच्या मर्जीवर राहते. ज्या मुलाचा बाप रात्रीच्या विजेमुळे थंडीत विंचूकाट्यातून पिकाला पाणी द्यायला जातो, त्याला शेतीसाठी दिवसा मिळणाऱ्या सौरविजेचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच पडू नये. परंतु त्याच्या घरचा हा अनुभव आणि फळ्यावरची आकृती यांची गाठ वर्गात कोणी घालून देत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कौशल्यविकासाच्या योजना आहेत. ‘सूर्यमित्र’ ही सौर तंत्रज्ञ घडविण्याची योजना केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केली. अशा प्रशिक्षणाची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. परंतु विज्ञान एकीकडे आणि कौशल्य दुसरीकडे, अशी वाटणी करून भागणार आहे काय? या वाटणीचा परिणाम ठरलेला असतो. खाजगी शाळेतून बाहेर पडणारा सुखवस्तू घरचा मुलगा प्रकल्पाची आखणी करणार, त्याचे अर्थकारण जुळविणार आणि कंपनीच्या कचेरीत बसणार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा त्याच प्रकल्पात नटबोल्ट आवळणार, पॅनेल धुणार आणि रात्रपाळीत राखण करणार, तीही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. ऊर्जा नवी आणि उतरंड जुनी, असाच त्याचा अर्थ होईल.

बुद्धी आणि श्रम यांची ही फारकत महाराष्ट्राला अपरिचित नाही. शेतकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणाची सोय होते, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली आणि प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा समावेश असावा, अशी मागणी केली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक श्रमाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. दोघांच्या भूमिका वेगळ्या होत्या. पण हाताने काम करणाऱ्यांच्या मुलांना ज्ञान नाकारले जाते आणि ज्ञान मिळालेल्यांना हाताचे काम कमीपणाचे वाटते, हे व्यंग दोघांनीही नेमके ओळखले होते.

ही फारकत मिटविता येते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली. आठवी ते दहावीची मुलेमुली आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करतात आणि अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार शाखांतून शिकतात. गावातील कसबी माणसेच तेथे निदेशक म्हणून उभी राहतात. राजस्थानातील तिलोनिया येथे तर अक्षरओळख नसलेल्या किंवा जेमतेम शिकलेल्या स्त्रियांनी सौरदिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण घेऊन आपापल्या गावांत उजेड नेला. तेव्हा खेड्यातील मुलांना हे झेपणार नाही, हा आक्षेप टिकणारा नाही.

मग शाळेत शिकवावे काय? पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून का बसवितात आणि त्याचा कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाएवढा का ठेवतात, हे मुलांना अंगणातील काठीच्या सावलीवरून मोजता येते. एक किलोवॉटच्या पॅनेलपासून दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. यावरून शाळेच्या दिव्यापंख्यांचा हिशेब मांडता येतो. पॅनेलमधील दिष्ट प्रवाहाचे इन्व्हर्टर प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो, ही गोष्ट एकदा हाताळली म्हणजे पाठ करावी लागत नाही. क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून निम्म्याहून बराच अधिक का, हा प्रश्न तर गणित, भूगोल आणि राजकारण या तिन्हींचा उत्तम धडा आहे. रात्री सूर्य नसतो, एवढ्यापासून त्याची सुरुवात होते.

तारतंत्री, वीजतंत्री, जोडारी, भूमापक, पवनचक्कीचा तंत्रज्ञ, गोबरगॅस संयंत्र बांधणारा गवंडी, पदविकाधारक अभियंता आणि संशोधक अशा सर्व वाटा दहावीपूर्वीच मुलांना दाखविल्या पाहिजेत, आणि त्या मुलींसाठीही तितक्याच मोकळ्या आहेत हे पालकांना पटवून दिले पाहिजे. मात्र खोटी आशा दाखविण्याचे पाप शाळेने करू नये. सौर प्रकल्प उभारताना पुष्कळ हात लागतात. तो उभा राहिल्यावर मोजकेच पुरतात. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रावर आणि भोवतालच्या कोळसाखाणींवर ज्यांच्या घरची चूल पेटते, त्या कामगारांच्या मुलांना हे सत्य आजच कळले पाहिजे. कोळशाचे दिवस सरतील तेव्हा त्यांच्या हाती पर्यायी विद्या असली पाहिजे आणि ती देण्याची जबाबदारी सरकारने आजच पत्करली पाहिजे. उद्या पुनर्वसनाच्या नावाने अश्रू ढाळून काही साधणार नाही.

या धड्याला आणखी एक पान जोडावे लागेल. यंत्र कोणाच्या जमिनीवर उभे आहे आणि त्याचा मोबदला कोणाला मिळाला, तेही मुलांना समजले पाहिजे. प्रथम औष्णिक व पुढे सौर ठरलेल्या वीजप्रकल्पासाठी धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याची जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर त्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्याचा अंत झाला. ऊन सर्वांचे असले तरी जमीन, यंत्र आणि करार सर्वांचे नसतात. वीज कशी निर्माण होते एवढेच शिकविणारी शाळा कामगार घडवील. ती कोणाच्या कष्टावर आणि कोणाच्या मालकीत निर्माण होते, हेही शिकविणारी शाळा नागरिक घडवील.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळेत ऊर्जेचे प्रात्यक्षिक सक्तीचे व्हावे, आणि त्यासाठी साधने व प्रशिक्षित निदेशक पूर्ण वेतनावर मिळावेत. ज्या गावात प्रकल्प उभा राहतो, त्या गावच्या शाळेला प्रकल्पाची दारे खुली असावीत आणि तेथील मुलामुलींना तंत्रज्ञाच्या जागांवर अग्रहक्क असावा. त्या नोकऱ्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघात भरपाईचे संरक्षण असावे.

परंतु शासन हलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येत्या सत्रात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढावा. गावातील वायरमनला एक दिवस वर्गात उभे करावे आणि मुलांना घरचे वीजबिल घेऊन यायला सांगावे. त्या बिलातील प्रत्येक रकान्याचा अर्थ ज्या दिवशी मुले आपल्या आईबापांना समजावून सांगतील, त्या दिवशी हा धडा खऱ्या अर्थाने सुरू झाला असे म्हणता येईल.