एकही रोजा न सोडणारी मुलगी आणि आपल्या नजरेतून सुटलेला आजार

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यातले एक असे की, 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. वेगळा कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. प्रकरण नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूचे होते, त्यामुळे चर्चा कोचिंग क्लासेस आणि आत्महत्यांभोवती फिरली. ते बरोबरच. पण वर्गात बसून मला ज्या एका आजाराची काळजी वाटते, त्याचे नावही या चर्चेत कुठे आले नाही. तो म्हणजे खाण्याशी जडलेला आजार.

त्याच वर्षी मार्चमध्ये केरळमधील एका 18 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची बातमी आली होती. वजन वाढेल या भीतीने तिने खाणे जवळजवळ सोडले होते, इंटरनेटवर बघून डाएट चालू होते. डॉक्टरांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा असे निदान सांगितले. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "श्रीमंतांची थेरं." मी गप्प राहिले, कारण माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतली हुशार पोरगी, वडील रिक्षा चालवणारे. तिचा बारीकपणा बघून मीच एकदा सर्वांसमोर म्हणाले होते, "वा, किती फिट झालीस!" रमजाननंतर तिची अम्मी भेटली, तेव्हा कौतुकाने सांगत होती, "टीचर, आमच्या पोरीने एक रोजा सोडला नाही बघा. ईदनंतरही नफिल रोजे चालूच आहेत." मीही माशाअल्लाह म्हणून मोकळी झाले. त्या वयाच्या मुलीचा महिन्यात एकही रोजा चुकत नाही, म्हणजे तिची पाळी बंद झालेली असू शकते, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आले नाही. पुढे ती प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे दवाखाना झाला. त्याआधी घरच्यांनी "नजर लागली" म्हणून ताविज बांधला होता. मी त्यांना दोष देत नाही, बी.एड. होऊन मला तरी काय कळले होते?

लक्षणे माहीत असायला हवीत म्हणून सांगते. सतत थंडी वाजणे, केस गळणे, पाळी थांबणे, सर्वांबरोबर दस्तरख्वानवर बसायचे टाळणे, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणे. बुलिमिया या प्रकारात मुलगी खूप खाते आणि मग ते मुद्दाम बाहेर काढते. तिचे वजन पुष्कळदा नॉर्मलच दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. आणि हो, हे मुलग्यांनाही होते. जिमला जाणाऱ्या पोरांकडेही जरा बघा.

उपचाराबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे की, "चार दिवस बिर्याणी खाऊ घाला, ठीक होईल." खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले, तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून आधी नाडी, रक्तदाब, पोटॅशियम तपासले जाते, गरज पडली तर दाखल करून घेतात आणि आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात. त्यानंतर समुपदेशन. किशोरवयीन मुलांसाठी सर्वात जास्त अभ्यासलेली पद्धत 1980 च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ले हॉस्पिटलमध्ये विकसित झाली. तिच्यात आईवडिलांना गुन्हेगार ठरवत नाहीत, उलट उपचाराची सूत्रे त्यांच्याच हाती देतात. सुरुवातीला काय आणि किती खायचे ते पालक ठरवतात, शेजारी बसून धीराने खाऊ घालतात. वजन सावरले की हळूहळू निर्णय मुलीकडे परत जातो. बुलिमियात विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी चालते, काहींना फ्लुओक्सेटिनसारखी गोळीही देतात. ॲनोरेक्सिया मात्र नुसत्या गोळीने बरा होत नाही. त्याला महिने लागतात, कधी वर्षेही.

एकत्र जेवणाऱ्या आपल्या घरांना ही पद्धत जमण्यासारखी आहे. अडचण एकच: त्याच दस्तरख्वानवर खाला आणि फुफ्फी बसलेल्या असतात, "मोटी झालीस, रिश्ता कसा येणार?" असे हसत हसत बोलणाऱ्या. उपचार चालू असताना हे बोलणे बंद झालेच पाहिजे. तशी हिंमत घरात कुणी तरी दाखवावी लागते, आणि माझा अनुभव असा की ती बहुतेक वेळा अब्बांनाच दाखवावी लागते.

रोजाचे काय? कुरआनने सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा दिली आहे. हा आजारही आजारच आहे. डॉक्टर मना करत असतील तर मुलीला गुन्हेगार वाटू देऊ नये. मसला हवा असेल तर आलिमांकडे जाताना डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. या आजारावर खास काम करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच सापडतात, तेही थोडे. पण सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करता येते. 2022 पासून सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येते. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. कंपनीने नाही म्हटले तर ते लेखी मागावे.

आता पुन्हा त्या निकालाकडे येते. समुपदेशक हवा हे कोर्टाने सांगितले, त्याचा पगार कोण देणार याचे उत्तर अनेक संस्थांकडे नाही. अनुदानित उर्दू शाळांत मराठी-उर्दू दोन्ही समजणारा माणूस मिळणे तर आणखी कठीण. भीती ही की, हस्तकलेच्या किंवा पीटीच्या शिक्षकाला दोन दिवसांचे शिबिर देऊन कागदावर "समुपदेशक" दाखवले जाईल. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सरळ विचारावे: नेमलेली व्यक्ती कोण, शिक्षण काय, आठवड्यात किती दिवस येते, आणि मुलीने सांगितलेली गोष्ट तिच्याकडेच राहील का? आमच्या शाळेत अजून नेमणूक झालेली नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी हा विषय लिहून दिला आहे.