उभ्या विमानाची झीज

अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला 2019 उजाडलं. यावर मराठीत उदंड लिहून आलं, बहुतेक एकाच सुरात: बाबूंनी अडवलं. अडवलं हे खरंच. पण त्या रागाच्या भरात एक खोटी समजूत पक्की झाली. परवान्याची वाट पाहताना मालकाचं वय वाढतं, विमान मात्र होतं तसंच राहतं, अशी.

हे साफ चूक आहे. समजा, असंच एखादं विमान चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर उघड्यावर उभं आहे. मे महिन्यातलं वावधान सुटतं आणि वैमानिकाची दांडी बांधून ठेवलेली नसेल तर एलेव्हेटर (शेपटीची हलती पट्टी) दिवसभर थरथरत राहतो. त्याच्या बिजागरीतलं बेअरिंग दोन-चार अंशांतच मागेपुढे होतं. छर्रे त्याच जागी घासतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि धातूवर खळगे पडून तांबूस भुकटी सुटते. त्यात जवळच्या वीजकेंद्राची राख आणि बल्लारपूर-घुग्घुसकडची कोळशाची धूळ पडली की उरल्या ग्रीसची पॉलिशपेस्ट होते. पुढे पावसाळा गंजाला बळ देतो. विमान तासभरही उडालेलं नसतं.

‘बेरिंग जायच्या आधी आवाज देते,’ हा खाणपट्ट्यातल्या मेकॅनिकचा अनुभव. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या रोलरपुरता तो बराचसा खरा, कारण तो रोलर सतत फिरतो. विमानाच्या दांडीपासून एलेरॉनपर्यंतच्या (पंखाच्या हलत्या पट्टीपर्यंतच्या) जोडांतलं एकही बेअरिंग आयुष्यात पूर्ण फेरा घेत नाही. ते ओरडणार कसं? ते जडपणातून कळतं, नाहीतर ‘प्ले’मधून, म्हणजे ढिलेपणातून. एकाने पंखाची पट्टी घट्ट धरावी, दुसऱ्याने दांडी हळूच हलवावी; जी हालचाल मधेच हरवते तिचा जोड शोधून काढावा. या तपासणीला यंत्र लागत नाही, दोन माणसं लागतात.

‘बाहेरून मानांकित माल मागवा, म्हणजे चिंता मिटली’ हे मत जास्त शहाणं वाटतं, म्हणून जास्त घातक. मानांकन भार किती सोसेल ते सांगतं. तुम्ही रॉड-एंड (हालचाल पुढे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे पुशरॉडच्या, टोकाची गोळा बसवलेली कडी) तिरका बसवलात, तेल नको असलेल्या टेफ्लॉन अस्तरात हौसेने तेल सोडलंत, धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट जोडावर मारलात, तर मानांकन काय करणार? आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना कान नसतील, एकाच बाजूने बोल्ट असेल, तर झिजलेला गोळा कडीतून सरळ निसटतो आणि पुशरॉड लोंबकळतो. त्यावरचा उपाय म्हणजे उघड्या बाजूला, बोल्टच्या डोक्याखाली, कडीच्या भोकापेक्षा मोठा वॉशर. गोळा सुटला तरी कडी वॉशरला अडते. दांडी ढिली होते, पण हातात राहते. माझा सगळा आग्रह इथेच आहे. बेअरिंग कधी निकामी होणारच नाही अशी हमी शोधू नका. ते निकामी होईल असं धरून जोड बांधा. पुशरॉडला, रॉड-एंडचे आटे आत किती शिरलेत हे पाहायचं छोटं भोक असतं, त्यातून तार आरपार गेली तर आटे कमी पडलेत. जोड तपासाल त्याच दिवशी तेही बघून घ्यावं.

‘इंजिन सांभाळा, बाकी निभतं’ म्हणणाऱ्यांनी अहेरी-भामरागडचं रान वरून डोळ्यांसमोर आणावं. इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत उतरतं, नदीपात्र किंवा धानाची बांधी शोधायला वैमानिकाला काही मिनिटं मिळतात. एलेव्हेटरचा पुशरॉड सुटला तर शोधायचं तरी कशाच्या बळावर?

मग बंदीवाले पुढे सरसावतात: गच्चीवरची विमानं नकोतच, कारखान्यातलीच उडू द्या. त्यांना 16 फेब्रुवारी 2000 ची तारीख सांगावी. अमेरिकेत एमरी कंपनीचं डीसी-8 मालवाहू विमान सॅक्रमेंटोजवळ कोसळलं, तिघेही कर्मचारी गेले. उजव्या एलेव्हेटरच्या टॅबचा (त्यावरच्या छोट्या पट्टीचा) पुशरॉड सुटला होता. त्याचा बोल्ट नीट बंदिस्त केलेला नव्हता. विमान कारखान्यातलंच होतं आणि देखभालीला पगारी तंत्रज्ञ होते. घरी बांधणाऱ्याला उलट एक फायदा असतो. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः बसवलेला असतो, म्हणून कुठे हात घालायचा हे त्याला पाठ असतं. त्याचा तोटा असा की स्वतःच्या कामावर तो सहज संशय घेत नाही. जोड तपासायला म्हणूनच परका माणूस बोलवावा.

परवाना देणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. फाईल एका पावसाळ्याहून जास्त रेंगाळली, तर जुना तपासणी अहवाल ग्राह्य धरू नये. नियंत्रणाचे जोड पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय पहिल्या उड्डाणाची तारीख देऊ नये, मालकाने कितीही घाई केली तरी.