हिरडीचा ग्राफ्ट कुठून येतो? सही करण्याआधी विचारा

दाताच्या इम्प्लांटभोवती घट्ट हिरडी साधारण 2 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ब्रश करताना दुखू शकतं, सूज येऊ शकते. अशा वेळी हिरडी वाढवायला ग्राफ्ट लावतात. मुख्य पर्याय तीन.

आपल्याच टाळूची ऊती सर्वात भरवशाची, पण टाळूवर दुसरी जखम होते. डुकराच्या कोलॅजनचा पडदा किंवा मृत दात्याच्या त्वचेचा पेशी काढून टाकलेला थर वापरला, तर टाळूला हात लागत नाही. मात्र साहित्याचा खर्च वाढतो आणि हिरडी सहसा थोडी कमी वाढते.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. शाकाहार किंवा धर्मामुळे काही चालत नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. संमतीपत्रावर नुसतं ‘कोलॅजन’ लिहिलं असेल, तर कोणत्या प्राण्याचं, हे विचारा.