स्नेपचे देव्हारे कशासाठी?

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा पहिला भाग १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि सातवा व अखेरचा भाग २१ जुलै २००७ रोजी. पहिला भाग हाती आला तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली मुले आज स्वतः आई-बाप झाली आहेत आणि त्याच पुस्तकांचा संच आपल्या मुलांच्या हाती देत आहेत. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही मालिका मराठीत आणल्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या उंबरठ्याबाहेरच्या घरांतही ती पोहोचली. मुले वाचत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु पुस्तकांच्या संचासोबत मागची पिढी पुढच्या पिढीला एक तयार निवाडाही देत आहे, आणि तो निवाडा तपासून पाहण्याची गरज कोणालाही वाटत नाही. तो निवाडा असा: सेव्हेरस स्नेप हा या कथेचा खरा नायक, कारण त्याने आयुष्यभर एकनिष्ठ प्रेम केले; आणि आल्बस डंबलडोर हा वरून साधू, आतून कारस्थानी, कारण त्याने एका मुलाला प्याद्यासारखे वापरले.

हा निवाडा भावविवशतेतून आलेला आहे. तो दोघांवरही अन्याय करतो, आणि त्याहून अधिक अन्याय करतो तो वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या एका मुलावर.

भित्रा नेव्हिल

त्या मुलाचे नाव नेव्हिल लाँगबॉटम. त्याच्या आई-वडिलांचा व्होल्डेमॉर्टच्या अनुयायांनी इतका छळ केला, की त्यांची बुद्धी कायमची भ्रमिष्ट झाली. आजीच्या धाकात वाढलेला, विसराळू, घाबरट असा हा मुलगा हॉगवर्ट्सच्या शाळेत येतो. तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. ज्याला ज्याची सर्वाधिक भीती वाटते त्याचे रूप धारण करणारा एक मायावी जीव वर्गात आणला जातो. ज्याचे आई-बाप क्रूरकर्म्यांनी जिवंतपणीच हिरावून नेले, त्या नेव्हिलपुढे तो जीव कोणते रूप घेतो? त्या क्रूरकर्म्यांचे नव्हे, स्नेपचे. त्याच्या स्वतःच्या शिक्षकाचे!

स्नेपविषयी निवाडा देताना जे वाचक त्याच्या प्रेमकथेपासून आरंभ करतात, त्यांनी या एका दृश्यापासून आरंभ करून पाहावा. तेरा वर्षांच्या मुलाने बनवलेले औषध बिघडले असेल तर त्याच्याच पाळीव बेडकाला विषबाधा होईल, हे ठाऊक असूनही स्नेप ते सर्व वर्गासमोर बेडकाला पाजतो. आणि हर्मायनीच्या मदतीमुळे बेडूक वाचला, तेव्हा त्या मदतीबद्दल गुण कापतो. दुसऱ्या मुलाच्या मंत्रामुळे हर्मायनीचे दात विद्रूप वाढतात, तेव्हा तो तिच्या रूपाची क्रूर टिंगल करतो आणि ती रडत निघून जाते. हॅरीचा तर पहिल्या तासापासून पाणउतारा. का, तर त्याचा चेहरा बापासारखा आहे म्हणून. बापाने पूर्वी केलेल्या छळाचा सूड अनाथ मुलावर उगवणे, याला कोणत्याही भाषेत शिक्षण म्हणत नाहीत. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई केली आहे. ज्या वर्तनाबद्दल आपल्या मुलाच्या शिक्षकाविरुद्ध हेच पालक मुख्याध्यापकांचे दार ठोठावतील, त्याच वर्तनाच्या शिक्षकाच्या नावाने ते गहिवरून येतात, ही विसंगती कोणालाच खटकू नये?

प्रेमाने पाप धुतले जाते काय?

स्नेपच्या बाजूने जे म्हणता येते, ते सर्व प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्याचे बालपण दारिद्र्यात आणि आई-बापांच्या भांडणात गेले. शाळेत जेम्स पॉटर आणि सिरियस ब्लॅक यांनी त्याचा जाहीर अपमान केला. पुढे त्याने व्होल्डेमॉर्टची साथ सोडली आणि जिवावर उदार होऊन हेरगिरी केली. पहिल्याच भागात त्याने हॅरीचा जीव वाचवला. मरणोन्मुख डंबलडोरच्या सांगण्यावरून त्याने त्यालाच मारण्याचे भयंकर ओझे पत्करले आणि सर्व जगाचा तिरस्कार मुकाट्याने सोसला. हे शौर्य निर्विवाद आहे.

पण शौर्य म्हणजे सौजन्य नव्हे. आणि ज्या प्रेमाचे गोडवे गायले जातात त्याचाही इतिहास नीट वाचायला हवा. भविष्यवाणीचा अर्धामुर्धा भाग ऐकून तो व्होल्डेमॉर्टच्या कानी घालणारा स्नेपच होता. एका तान्ह्या मुलाचा जीव त्यामुळे धोक्यात येईल, याची खंत त्याला वाटली नाही. ते मूल लिलीचे आहे हे कळले, तेव्हा तो धावला. आणि धावला तोही फक्त लिलीचे प्राण मागण्यासाठी. तिचा पती आणि तिचे बाळ मेले तरी त्याला चालणार होते. डंबलडोरला त्या क्षणी त्याची किळस येते, ती यासाठीच. एका व्यक्तीपुरते आकुंचित झालेले प्रेम हे पश्चात्तापाचे दार ठरू शकते, ठरलेही. परंतु दारात उभे राहणे म्हणजे घरात प्रवेश करणे नव्हे. लिलीसाठी रडणारा हा माणूस लिलीच्या मुलाशी सहा वर्षांत एक सरळ शब्द बोलला नाही.

दुःख भोगले म्हणून कठोर झाला, ही सबबही टिकत नाही. दुःख हॅरीनेही भोगले, नेव्हिलनेही. त्याच शाळेत रेमस ल्यूपिन नावाचा शिक्षक आहे. लांडगा होण्याच्या शापामुळे त्याला कोठे नोकरी नाही, अंगावर फाटके कपडे आहेत. नेव्हिलला काही अवघड काम सांगू नका, असा टोमणा स्नेप मारतो, तेव्हा हाच ल्यूपिन सर्वांत आधी नेव्हिललाच पुढे बोलावतो आणि त्याच्या भीतीवर त्याला हसायला शिकवतो. ल्यूपिनही निर्दोष नाही. सिरियसविषयीची महत्त्वाची माहिती त्याने लाजेपोटी वर्षभर दडवली. एका रात्री औषध घ्यायचे विसरून मुलांचे प्राण संकटात घातले. मात्र तो आपल्या भ्याडपणाची कबुली मुलांसमोर देतो आणि शाळा सोडून जातो. दुःख दोघांनीही गिळले. एकाने त्याची करुणा केली, दुसऱ्याने त्याचे विष.

डंबलडोरचे माप

आता डंबलडोर. त्याच्यावरील आरोप किरकोळ नाहीत. त्याने वर्षभराचे बाळ मावशीच्या दारात ठेवले. तेथे ते मूल जिन्याखालच्या कपाटात झोपत वाढले. मावशीच्या रक्तनात्यात संरक्षणाचा मंत्र होता हे खरे. पण पुढची दहा वर्षे दुःखाची असतील हे आपल्याला ठाऊक होते, असे तो पाचव्या भागात स्वतःच सांगतो. हॅरीला अखेर मृत्यूला सामोरे जावे लागणार, हे त्याने त्या मुलापासून दडवले. तरुणपणी ग्रिंडेलवाल्डच्या संगतीत त्याने व्यापक हिताच्या नावाखाली सामान्य माणसांवर सत्ता गाजवण्याची स्वप्ने पाहिली. तोच व्यापक हिताचा मंत्र पुढे ग्रिंडेलवाल्डच्या तुरुंगाच्या दारावर कोरला गेला. त्या मैत्रीच्या भांडणात त्याची धाकटी बहीण अरियाना प्राणास मुकली.

यातला एकही आरोप पुसून टाकण्याचे कारण नाही. मात्र डंबलडोर आणि स्नेप यांच्यात एक मूलभूत भेद आहे. डंबलडोर आपला दोष ओळखतो आणि त्या ओळखीनुसार जगतो. सत्ता हा आपला दुबळेपणा आहे हे उमगल्यावर तो मंत्रिपद पुन्हापुन्हा नाकारतो आणि शिक्षक म्हणून राहतो. सिरियसच्या मृत्यूनंतर संतापाने खोलीतील वस्तू फोडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर तो आपली चूक कबूल करतो. अखेरच्या भागात त्याच मुलाची तो अश्रू ढाळत क्षमा मागतो. ज्याला दुखावले, त्याच्याच तोंडावर त्याने चूक मान्य केली. स्नेप मरताना आपल्या स्मृती देतो, त्यातून त्याची निष्ठा सिद्ध होते. परंतु नेव्हिलची, हर्मायनीची किंवा हॅरीची क्षमा तो कधीही मागत नाही. हा भेद ज्यांना दिसत नाही, त्यांनी ही मालिका वाचलेली नाही, केवळ २००१ ते २०११ या काळातील आठ चित्रपट पाहिले आहेत. अॅलन रिकमन या समर्थ अभिनेत्याने स्नेपला धीरगंभीर आवाज दिला आणि पुस्तकातील अनेक वर्गप्रसंग पडद्यावर आलेच नाहीत. प्रेक्षकांनी अभिनेत्यावर केलेले प्रेम पात्राच्या खात्यावर जमा झाले.

आचार्यांनी दिलेला निकष

गुरूच्या दोषांकडे कसे पाहावे, या प्रश्नापुढे भारतीय माणसाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात, की आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू अनुसर, इतर नव्हेत. केवढे धैर्य आहे या सांगण्यात! आपल्यातही अनुसरू नये असे काही असू शकते, हे गुरू निरोपाच्या वेळी स्वतः सांगतो आणि निवड करण्याचा अधिकार शिष्याच्या हाती देतो. महाभारतानेही द्रोणाचार्यांचे धनुर्विद्येतील श्रेष्ठत्व सांगताना एकलव्याच्या अंगठ्याची कथा झाकून ठेवली नाही. द्रोण मोठे आणि तो अंगठा मागणे अधर्म्य, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात. व्यासांना हे कळत होते. मग आजच्या सुशिक्षित वाचकाला गुरू एकतर देव नाहीतर दानव असाच का हवा असतो?

हा प्रश्न कथेपुरता नाही. एखाद्या ध्येयासाठी घरदार सोडलेली, वर्षानुवर्षे कष्ट उपसलेली माणसे प्रत्येक शाळेत, संस्थेत, संघटनेत असतात. त्यांच्यातील काही हाताखालच्या नवख्यांना तुच्छतेने वागवतात, आणि त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवून ते वागणे खपवून घेतले जाते. एवढे केले आहे त्यांनी, थोडे तापट असायचेच, असे म्हटले जाते. कार्यावरील निष्ठा ही समोरच्या दुबळ्या जिवाला चिरडण्याचा परवाना नव्हे. ध्येयवाद्याची खरी परीक्षा रणांगणावर होते तितकीच ती त्याच्या वर्गातील सर्वांत घाबरट मुलासमोर होते. स्नेप पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, दुसरीत अनुत्तीर्ण. प्रगतिपुस्तकात दोन्ही गुण लिहिले पाहिजेत.

क्षमेचा अधिकार

मालिकेच्या शेवटी हॅरी आपल्या मुलाला डंबलडोर आणि स्नेप या दोघांचीही नावे देतो. तो त्याचा अधिकार आहे. त्याने सोसले, त्याने क्षमा केली. परंतु हॅरीची क्षमा ही नेव्हिलची क्षमा नव्हे, आणि वाचकाची तर नव्हेच. ज्याचे सोसणे, त्याचीच क्षमा. इतरांनी परस्पर दिलेली माफी ही त्याच्यावरची दुसरी जबरदस्ती ठरते.

आणि नेव्हिल? तो शेवटच्या युद्धात व्होल्डेमॉर्टसमोर न झुकता उभा राहतो आणि तलवारीने त्याच्या नागिणीचे शिर उडवतो. पुढे तो त्याच हॉगवर्ट्समध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो. ज्याला शिक्षकाची सर्वाधिक भीती वाटत असे, तो शिक्षक होतो. आई-वडिलांनी हा संच मुलांच्या हाती द्यावा, अवश्य द्यावा. मात्र वाचून झाल्यावर स्नेप चांगला की वाईट, हा प्रश्न विचारू नये. नेव्हिलच्या वर्गात बसायला तुला आवडेल की स्नेपच्या, आणि का, असे विचारावे. मूल जे उत्तर देईल ते शांतपणे ऐकावे; त्यातून आपल्या घरातील मोठ्यांविषयीही काही कळण्याची शक्यता आहे.