डॉन्चिच-डेव्हिस ट्रेड: एका नोटिफिकेशनने दोन संघांचं गणित कसं बिघडलं?

फेब्रुवारी २०२५. ‘लुका डॉन्चिच लेकर्समध्ये, अँथनी डेव्हिस डॅलसमध्ये’ ही पोस्ट फोनवर झळकली आणि अनेकांना वाटलं, पत्रकाराचं अकाउंटच हॅक झालंय! पण बातमी खरी होती.

एनबीएमध्ये ट्रेड करताना बहुतेक खेळाडूंची परवानगी लागत नाही. करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. खरा धक्का बसतो तो मागे राहिलेल्यांना.

डेव्हिस गेल्यावर लेकर्सना बास्केटखाली उंच खेळाडू कमी पडला. म्हणून शार्लटच्या मार्क विल्यम्ससाठी त्यांनी नवखा डाल्टन नेक्ट देऊन टाकला. मग विल्यम्सच्या मेडिकल तपासणीनंतर लेकर्सनीच सौदा रद्द केला. नेक्ट काही दिवसांतच परत, ज्यांनी त्याला सोडलं त्यांच्याचकडे! लेकर्स ५० सामने जिंकूनही प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरले.

तिकडे डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जखमी झाला. मार्चमध्ये कायरी अर्विंगचा गुडघा गेला. २०२४ ची फायनल खेळलेला संघ २०२५ च्या प्लेऑफमध्येही पोहोचला नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी ट्रेडची नोटिफिकेशन आली की कोण आलं एवढंच बघू नका. कोणाची जागा रिकामी झाली आणि ती भरायला आता कोणाला पळावं लागणार, तेही बघा.