काठी वळते, हे खरंच आहे

उन्हाळ्यात गावात बोअरची गाडी आली की तिची नंबरप्लेट बहुतेक वेळा तमिळनाडूची असते. तिथलं तिरुचेंगोडे हे गाव म्हणजे या धंद्याची राजधानी. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो. त्यामुळे गाडी रानात नेमकी कुठं उभी करायची, यावर शेतकऱ्याचं कर्ज फिटणार की वाढणार हे ठरतं. म्हणून गाडी यायच्या आधी पाणाड्याला बोलावणं जातं. कुणाच्या हातात उंबराची बेचकी असते, कुणाच्या तळहातावर नारळ, कुणाकडे तांब्याच्या वाकवलेल्या दोन तारा. तो बांधाबांधानं चालतो, एका जागी नारळ उभा राहतो, तिथं दगड ठेवला जातो आणि आकडाही सांगितला जातो: दीडशे फुटांवर दोन इंची पाणी.

या माणसाला भोंदू म्हणायची घाई मला पटत नाही. पुष्कळ पाणाडे नारळ-शिध्यावर समाधानी असतात आणि स्वतःच्या रानातही असंच पाणी पाहून बोअर मारतात. लबाडाला पकडायचं तर जादूगाराची नजर लागते. स्टेजवर बाबाची हातचलाखी उघडी पाडली की टाळ्या पडतात, पण त्यातून तो बाबा लबाड आहे एवढंच कळतं. प्रामाणिक माणसाचा दावा तपासायचा तर रीत वेगळी लागते आणि ती टाळ्यांची नसते.

या रीतीचं पहिलं कलम असं, की अटी दावेदारानं आधी वाचून मान्य करायच्या. १९९० मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात तिथल्या विज्ञानवादी संस्थेनं सुमारे तीस पाणाड्यांची चाचणी घेतली. सपाट मैदानात अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पाइप पुरला होता. तो कुठून जातो हेही वर रंगीत पट्टा टाकून दाखवलं होतं. प्रश्न एकच: आत्ता यातून पाणी वाहतंय की नाही? चाचणी रास्त आहे आणि आपल्याला शंभर टक्के यश येईल, असं पाणाड्यांनी सही करून दिलं. अमेरिकन जादूगार जेम्स रँडी यांनी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. तीन दिवस चाचणी चालली आणि निकाल नाणेफेकीच्या पलीकडे गेला नाही.

रँडींच्या चाचण्यांत खरी गंमत असायची ती आधीच्या उघड्या फेरीत. पाणी कुठं आहे हे पाणाड्याला सांगून टाकायचं आणि मग काठी चालवायला लावायची. काठी हमखास वळते. म्हणजे आज तब्येत बरी नाही, हवा बदललीय, पाइप प्लास्टिकचा आहे, या सबबी तिथंच मिटतात. त्यानंतर तोच माणूस, तीच काठी, तेच मैदान घ्यायचं आणि फक्त माहिती काढून घ्यायची. एवढ्या एका बदलानं काठीला पाणी सापडेनासं होतं.

१९७९ मध्ये रोमजवळच्या फोर्मेल्लो इथं चार इटालियन पाणाड्यांची पुरलेल्या पाइपांवर चाचणी घेण्याआधी रँडींनी त्यांना विचारलं, की या जागेत जमिनीखाली नैसर्गिक पाणी कुठून वाहतं ते दाखवा, म्हणजे नंतर घोटाळा नको. चौघांनी दाखवलेल्या वाटा एकमेकांशी जुळल्या नाहीत. माझ्या मते पुरलेल्या पाइपांची चाचणी घेण्याची गरज तिथंच निम्मी संपली होती.

मग काठी वळते कशी? तिला वळवणारा हात पाणाड्याचाच, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी हे स्वतःवरच तपासलं होतं आणि १८३३ मध्ये प्रसिद्ध केलं. पाऱ्यावर धरलेला लंबक त्यांच्या हातात झुलायचा, मध्ये काच सरकवली की थांबायचा. त्यांनी डोळे बांधून घेतले आणि काच कधी सरकवायची हे दुसऱ्यावर सोपवलं. काचेचा परिणाम नाहीसा झाला. मनात कल्पना आली की स्नायू नकळत तिच्या मागे जातात. बेचकी ताणून धरली की ती आधीच निसटायच्या बेतात असते, मनगट केसभर फिरलं तरी टोक हातभर झुकतं. तळहातावरच्या नारळाचंही तेच. पाणाड्या खोटं बोलत नाही. काठी आपोआप वळल्याचं त्याला खरोखर जाणवतं.

म्हणूनच, पाइपात पाणी आहे की नाही हे जाणणारा माणूस पाणाड्याच्या आसपासही दिसता कामा नये. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचं गणित कच्चं होतं. घोड्याला जे साधतं ते माणसाला साधणार नाही असं कशाला धरून चालायचं?

आता सर्वांत निसरडी जागा आकड्यांची. दहा वेळा हो-नाही विचारलं तर नुसत्या अंदाजानं आठ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के. म्हणजे शंभर पाणाडे आणले तर पाच-सहा जण काहीही न येता ‘सिद्ध’ ठरतील, वर्तमानपत्रात त्यांचे फोटोही छापून येतील. म्युनिकमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या मोठ्या प्रयोगाचं असंच झालं. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले. कोठाराच्या तळमजल्यावर दहा मीटरच्या रेषेत पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं त्याची जागा सांगायची. दोन वर्षांत ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की मोजक्या काही जणांत ही शक्ती नक्की आहे. १९९९ मध्ये शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली. ते मोजके गुणवंत एका फेरीत चमकत होते आणि पुढच्या फेरीत इतरांसारखेच चुकत होते. शक्ती असती तर ती मंगळवारी येऊन बुधवारी गेली नसती.

आपल्याकडे अशी तपासणी झालेलीच नाही असं नाही. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाण्यापेक्षा किंचित कमीच. त्यावर ‘हा शास्त्राचा अपमान आहे’ अशी ओरड झाली. मला ती कधीच समजली नाही. ज्याला आपल्या विद्येची खात्री आहे त्याला परीक्षेचं वावडं का असावं? आपल्याकडे लग्नाच्या मुलीलाही पोहे करून दाखवावे लागत, इथं तर शास्त्र म्हणवून घेणाऱ्याचा प्रश्न होता.

यावर गावातून नेहमी येणारा सवाल रास्त आहे: मग इतक्या बोअरना पाणी कसं लागलं? दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी पाटासारखं वाहत नाही. ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात साठतं. सखल जागा, ओढ्याचा काठ, उन्हाळ्यातही हिरवं राहिलेलं झाड, शेजारच्या विहिरीची पातळी, हे सगळं आयुष्यभर त्या मातीत फिरलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं पाहून पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय आहे. पाणाड्याकडे ज्ञान असेल तर ते तिथं आहे, आणि श्रेय नारळाला मिळतं. शिवाय दगडापासून चाळीस पावलांवर दुसरं बोअर मारून कुणी पाहत नाही. पाणी लागलेल्या बोअरची हकीकत पंचक्रोशीत फिरते, फेल गेलेलं बोअर मालकाच्या वहीत राहतं. दीडशे फुटांवर सांगितलेलं पाणी तीनशेवर लागलं तरी ‘सांगितलं होतं, लागलं’ असंच म्हणतात.

काठीवरचा विश्वास निरुपद्रवी असतो असं वाटणाऱ्यांसाठी बगदादचं उदाहरण पुरे. जेम्स मॅककॉर्मिक या इंग्रज व्यापाऱ्यानं इराकी सुरक्षा दलांना बॉम्बशोधक यंत्रं कोट्यवधी पौंडांना विकली. प्लास्टिकची मूठ आणि तिच्यावर हलकेच फिरणारी अँटेना, आत इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही. मूळ वस्तू गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायला म्हणून विकली जात होती. नाक्यानाक्यावर शिपाई ती धरून चालत, मनगट वळेल तशी अँटेना वळे आणि स्फोटकं भरलेल्या गाड्या शहरात शिरत. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. घेणाऱ्यांपैकी एका जरी अधिकाऱ्यानं चार बंद डबे मांडून, एकात स्फोटक ठेवून पाहिलं असतं, तर हे अर्ध्या तासात कळलं असतं.

पाणाड्याची चाचणी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावरही होऊ शकते: पाइप, टाकी, नाणं, आणि पाणाड्याच्या नजरेआड बसलेला मास्तर. पण तेवढंही नको असेल तर निदान वही ठेवावी. गाडी लावायच्या आधी ग्रामपंचायतीत नोंद: किती फुटांवर, किती इंची, कुणी सांगितलं, आणि बोअर झाल्यावर शेजारच्या रकान्यात काय झालं ते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकानं मीटर लावून दाखवलेली जागाही त्याच वहीत लिहायची, त्याच रकान्यांत. मीटरही चुकतो. किती वेळा, हे शेतकऱ्याला पैसे मोजण्याआधी कळायला हवं.